निरंक

सरकारी पत्रव्यवहारात ‘निरंक’ या शब्दाइतका आश्वासक शब्द दुसरा नसेल. विवरणपत्राच्या रकान्यात तो एकदा पडला, की वरिष्ठ निश्चिंत होतात आणि नस्ती कपाटात विसावते. परंतु त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घ्यावयाचा, की ‘काही आढळले नाही’ असा? भाषेच्या दृष्टीने भेद किंचित आहे. नीतीच्या दृष्टीने तो केवढा ठरतो, हे पिण्याच्या पाण्याच्या अहवालांवरून ध्यानात येते.

ज्या दिल्लीत आम्हां मराठी नोकरदारांपैकी कित्येकांची हयात गेली, तिचेच उदाहरण घेऊ. १९५५ साली पावसाळ्यानंतर यमुनेचा पूर ओसरला, नदीने पात्र बदलले आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी वजिराबादच्या उपसा-केंद्राकडे वळले. शुद्धीकरण केंद्रावरील मंडळी झोपली नव्हती. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढविले. त्यामुळे विषमज्वर वा हगवण यांची साथ उसळली नाही. तरीही डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या दोन महिन्यांत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विशेष होते. जंतूंवर चाललेली मात्रा विषाणूवर चालली नाही, आणि त्या विषाणूची कसोटी तर त्या काळी जगात कोणापाशीच नव्हती. रुग्णांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह तपासले, आणि ही ‘अ’ही नव्हे व ‘ब’ही नव्हे अशी निराळीच कावीळ असल्याचे १९८० साली प्रसिद्ध केले. आज तिला ‘ई’ म्हणतात.

अशा वेळी ‘जंतू आढळले नाहीत’ एवढेच लिहिणारा खोटे बोलतो काय? मुळीच नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ची आठवण येथे कोणास होईल; परंतु धर्मराजाला हत्ती मेला हे निदान ठाऊक होते. येथे लिहिणाऱ्याला विषाणू ठाऊक नाही; नाला कोठे वळला हे मात्र ठाऊक आहे. आमच्या मते त्याचे कर्तव्य येथेच सुरू होते. तपासलेल्या गोष्टीइतकीच न तपासलेली गोष्टही त्याच्या ज्ञानाचा भाग आहे, आणि ती दडविण्याचा अधिकार त्याला कोणत्याही नियमाने दिलेला नाही.

‘लोक विनाकारण घाबरतील’ हा आक्षेप आम्ही टिपणांतून इतक्या वेळा वाचला आहे, की तो मसुद्याबरोबरच छापून येत असावा. त्यात तथ्य नाही असे नाही. पाणी उकळा म्हणणे सोपे. इंधनाचा खर्च गरिबाच्या माथी पडतो. पण त्याला दुसरा नळ नाही आणि प्रयोगशाळाही नाही. उकळावे की नाही, हे निदान त्याला ठरवू द्यावे.

या बाबतीत भारतीय मानक १०५०० ची २०१२ सालची आवृत्ती आम्हांला प्रांजळ वाटते. तीत मर्यादांचे दोन रकाने आहेत: एक स्वीकारार्ह, दुसरा पर्यायी स्रोत नसल्यास चालवून घेण्याचा. विरघळलेल्या क्षारांना लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, आणि नाइलाज असल्यास २,०००. शिशाला मात्र सवलत नाही. दुसरा रकाना ही तडजोड आहे, हे मानक स्वतःच सांगते. खालच्या टपालात उतरता उतरता त्याचे नुसते ‘मर्यादेत’ होते.

विवरणपत्राच्या अखेरीस ‘शेरा’ नावाचा रकाना असतो आणि तो बहुधा कोरा जातो. ‘विषाणूंची तपासणी केलेली नाही; वरच्या अंगास नाला मिळतो’ एवढे लिहावयास त्यात जागा पुरते. वरिष्ठ ती ओळ खोडतील, ही भीती खरी आहे. परंतु खोडल्यावर त्यांना तेथे आपली आद्याक्षरे करावी लागतील.