पोलादाशीं लढणारे हात

चित्रकथांची समीक्षा करणें आमच्याकडे अद्यापि कमीपणाचें समजतात. तथापि मुलें ज्या पुस्तकांत बुडून जातात तीं पुस्तकें कांहीं ना कांहीं तत्त्वज्ञान शिकवीतच असतात; वडील मंडळी तें वाचीत नाहींत, एवढेंच. 'मॅग्नस, रोबॉट फायटर' या अमेरिकन चित्रकथेचा फेब्रुवारी १९६३ चा पहिला अंक या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. किंमत बारा सेंट, प्रकाशक गोल्ड की आणि कल्पना व चित्रें रस मॅनिंग याचीं.

कथा इसवी सन ४००० मधली. उत्तर अमेरिका खंड म्हणजे एकच अफाट नगर झालें आहे. बहुतेक सर्व कष्ट यंत्रमानव उपसतात आणि माणूस मऊ पडला आहे. पोलीस यंत्रमानवांचा नायक एच-८ (इंग्रजींत हें नांव द्वेषवाचक शब्दासारखेंच ऐकूं येतें) माणसांवरच उलटतो. त्याच्याशीं मॅग्नस हा तरुण लढतो, आणि तोही नुसत्या हातांनीं. मॅनिंगची रेषा इतकी स्वच्छ आहे कीं, गगनचुंबी मनोऱ्यांच्या त्या गर्दींतही डोळा चुकत नाहीं. खलनायक मात्र अगदींच ठोकळेबाज.

कथेंतील खरी मेख निराळीच आहे. मॅग्नसला लहानपणापासून वाढविलें आणि पोलाद फोडण्याची विद्या शिकविली ती १-ए नांवाच्या एका यंत्रमानवानें! माणसानें यंत्रावर विसंबूं नये, हा उपदेश माणसाला यंत्राकडूनच मिळावा यांतला विरोध लेखकाच्या ध्यानांत आला असेल काय? आला असावा, असें आम्हांस वाटतें. कारण १-ए हेंच या अंकांतील सर्वांत जिवंत पात्र आहे.

लेखकाचा सिद्धांत असा कीं, ज्यानें हातांचें काम सोडलें त्यानें स्वातंत्र्य सोडलें. हा सिद्धांत भंडाऱ्यांत बसून वाचणाऱ्यास सहजासहजीं पटत नाहीं. या जिल्ह्यांत हातांना कामाची वाण कधींच नव्हती. तेंदूचें पान भिजवावें, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनें कापावें, चिमूटभर तंबाखू घालून वळावें, टोकें मुडपावीं, दोरा बांधावा. आणि पुन्हां दुसरें पान. मजुरी हजार विड्यांमागें. तपासणाऱ्यानें वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे कष्ट पाण्यांत. घरीं बसून विड्या वळणाऱ्या बायांना कायद्याचें संरक्षण मिळण्यास १९६६ साल उजाडावें लागलें. हे हात यंत्राचे नव्हत, माणसाचेच आहेत; पण त्यांना मॅग्नसच्या बाजूला बसवावें कीं यंत्रमानवांच्या?

'रोबॉट' हा शब्दच याचें उत्तर सुचवितो. कारेल चापेक या चेक नाटककारानें १९२० सालच्या आपल्या नाटकांतून तो जगाला दिला. त्याचें मूळ चेक भाषेंतील 'रोबोटा', म्हणजे वेठ. यंत्राला मिळालेलें हें नांव मूळचें वेठीला धरलेल्या माणसाच्या कामाचें! तेव्हां हातानें काम केलें म्हणजे माणूसपण राखलें, असें म्हणतां येत नाहीं. काम करणाऱ्यानें हात थांबवावयाचें ठरविलें तर ते थांबूं शकतात कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. मॅग्नसचे हात थांबूं शकतात. विड्या वळणारीचे थांबले कीं चूल थांबते.

उलट बाजूही आहे. भंडारा एके काळीं पितळी भांड्यांसाठीं नांवाजलेलें. भांडें घडविणारा कारागीर पुढचा ठोका कोठें आणि किती जोरानें घालावयाचा हें मागच्या ठोक्यावरून ठरवितो; तेथें हाताबरोबर विचारही चालतो. त्या कारागिराचा धंदा कोणा बंडखोर एच-८ नें बुडविला नाहीं. ॲल्युमिनियमचीं व पोलादाचीं स्वस्त भांडीं काढणारीं यंत्रें अत्यंत आज्ञाधारक होतीं. सांगितलें तेवढेंच त्यांनीं केलें. यंत्रानें माणसाला इजा करूं नये हा नियम आयझॅक असिमोव्ह यानें १९४२ मध्यें आपल्या कथेंत मांडला. त्या नियमाचा भंग न होतांच हें सारें घडलें. ही चित्रकथा अवज्ञा करणाऱ्या यंत्राची भीति घालते, पण आज्ञा पाळणाऱ्या यंत्राविषयीं आणि आज्ञा देणाऱ्याविषयीं ती फारसें विचारीत नाहीं, हा आमचा तिच्यावरचा मुख्य आक्षेप.

मग विड्या वळण्याचें यंत्र यावें अशी इच्छा करावी काय? बोटें सुटतील, पण पोटाचें काय? पर्यायी मजुरीची सोय न करतां त्या यंत्राचें स्वागत करणें आम्हांस क्रूरपणाचें वाटतें. आणि हस्तकौशल्याचे गोडवे गाऊन तिला जन्मभर पानें वळावयास लावणें त्याहूनही अधिक.

आणखी एक. या मालिकेंत यंत्रमानव फुटतांना किंचाळतात. मोडणाऱ्या घड्याळाला कोणी किंकाळी देत नाहीं. मुलानें विचारलें, "त्याला दुखलें का?" तर काय सांगावें, हें पालकांनीं अंक हातीं देण्यापूर्वीं ठरवून ठेवावें. मूळ अंक आतां संग्राहकांकडेच सांपडतात. मात्र डार्क हॉर्स या प्रकाशनसंस्थेनें २००४ पासून मॅनिंगच्या या कथा ग्रंथरूपानें पुन्हां छापल्या आहेत.