वली असला तरी

मुंब्र्यातल्या माझ्या मामेभावाला अठरा वर्षे पूर्ण झाली. तो मतिमंद. बँकेच्या कामासाठी पालकत्वाचा कागद हवा, म्हणून मामूंनी अर्ज भरायला मला बोलावले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती असा पालक नेमते. अर्ज भरताना भाऊ शेजारीच होता. त्याला कोणी काही विचारले नाही, मीही नाही. वर्गात मुलांना "तुमचं मत सांगा" म्हणणारी मी!

दुसऱ्यासाठी सही करण्याची सवय कुठवर जाते, ते महाराष्ट्राने १९९४ साली पाहिले. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. संमती त्यांची नव्हती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले मर्यादित पालकत्व वेगळे आहे: ठराविक निर्णयापुरते, ठराविक मुदतीचे, दोघांनी मिळून आणि त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे.

मामू म्हणतात, "उद्या कोणी त्याचा अंगठा घेऊन खोली लाटली तर?" भीती खोटी नाही. पण अंगठा घेणारा पालकच निघाला तर? आपल्याकडे वली असला तरी निकाहाला मुलीची रजामंदी विचारतातच. मग याला का नाही?

परवा त्याला विचारले, "पैशांचं काय करायचं?" बराच वेळ गेला. मग म्हणाला, "बाजी, सायकल दुरुस्त."

मामू हसले. त्याला सायकल येत नाही.

सायकल त्याच्या बहिणीची होती.