जुना रथ आणि त्याचा धनी

एखादी वस्तु आपली आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्या म्हणण्यांत नेमका कोणता अर्थ भरलेला असतो? पैसे मोजले, पावती घेतली, सरकारदरबारीं नोंद झाली, म्हणजे मालकी सिद्ध झाली असें कायदा सांगतो; आणि नित्याच्या व्यवहारास तेवढें पुरेंही आहे. परंतु जी वस्तु आपण रोज वापरतों, पण जिच्या पोटांत काय चाललें आहे याची आपणांस गंधवार्ताही नाहीं, आणि जी बिघडली असतां आपण रस्त्याच्या कडेला हात बांधून उभे राहतों, ती आपली कीं आपण तिचे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकांत सुटत नाहीं. त्याचा विचार आम्ही येथें एका अगदीं लौकिक, कांहीं वाचकांस क्षुद्रही वाटेल अशा उदाहरणाच्या आधारें करणार आहों. तें उदाहरण म्हणजे उतारवयास लागलेल्या, श्रीमंती थाटाच्या मोठ्या मोटारीची घरच्या घरीं केलेली डागडुजी.

धर्माबाद हें मिरचीच्या बाजाराचें गांव. गोदावरीच्या कांठचा मुलूख, तेलंगणाची सीमा हांकेच्या अंतरावर, आणि १९४८ पर्यंत निजामी अंमल. त्यामुळें येथील माणसाचा कल मुंबई-पुण्यापेक्षां हैदराबादेकडे अधिक. जुन्या परदेशी मोटारीही तिकडूनच येतात. नवी असतांना साठ-सत्तर लाखांस पडलेली गाडी दहा-बारा वर्षांनीं एखाद्या लहान नव्या मोटारीच्या किंमतींत मिळते. घेणारास वाटतें, आपण बाजी मारली. पण गाडीची किंमत उतरते तसे तिच्या सुट्या भागांचे दर उतरत नाहींत. ते साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. हत्ती बोकडाच्या भावानें मिळाला तरी तो चारा हत्तीचाच खातो. आमच्या एका स्नेह्यांनीं असा हत्ती दारीं बांधला, आणि त्याचा चारा परवडेना तेव्हां नाइलाजानें पाना हातीं घेतला. तो पुढें त्यांनीं आवडीनें धरून ठेवला, म्हणून हा लेख.

अशा गाडीचें म्हातारपण कसें येतें तें पाहण्यासारखें आहे. लोखंड सहसा आधीं दगा देत नाहीं. दगा देतें तें रबर. सांध्यांतील बुश, पाण्याच्या नळ्या, दारांच्या पट्ट्या हीं सर्व गाडी उभी असली तरी वयानें कडक होतात आणि भेगाळतात. मग उन्हाळ्यांत जेथें पारा चाळीस अंशांपलीकडे जातो त्या मुलखांत तर बोलावयासच नको. आमच्या स्नेह्यांची गाडी पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेनें भरलेल्या रबरी पिशव्यांवर तोललेली. रात्रीं समतल उभी केलेली गाडी सकाळीं एका खांद्यावर झुकलेली दिसूं लागली. पिशवीला बारीक चीर पडली होती. हवा जाई, म्हणून ती भरणारा लहानसा पंप पुनः पुनः चाले; आणि अति चालल्यामुळें शेवटीं तोही जळाला. पंप नवा बसवून पिशवी जुनीच ठेवली असती, तर नवा पंपही त्याच वाटेनें गेला असता. रोग एका ठिकाणीं आणि मृत्यु दुसऱ्या ठिकाणीं, असा हा प्रकार. चीर शोधण्याचा उपाय मात्र सायकलवाल्याचाच: साबणाचें पाणी लावावें आणि बुडबुडे कोठें येतात तें पाहावें.

आम्हांस मौज वाटते ती ही कीं, या घटनेंत जें भौतिकशास्त्र आहे तें आमच्या वर्गानें शाळेंतच घोकलेलें असतें. वायूचा दाब आणि आकारमान यांचा संबंध आपण परीक्षेंत लिहितों, गुण मिळवितों, आणि पुढें तोच दाब आपल्या दाराशीं गळत असतां त्यास ओळखत नाहीं. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, त्यामुळें त्याचा उत्कलनबिंदु खालीं येतो, आणि लांब उतारावर तें उकळून ब्रेक पोकळ लागतात. म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलावें अशी सर्वसाधारण शिफारस असते. एवढें समजण्यास मिस्त्री व्हावें लागत नाहीं. मात्र मोटारीकडे निव्वळ ऐश्वर्याचें चिन्ह म्हणून पाहण्याचें सोडावें लागतें.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्याचें काम त्यानें करावें. प्राध्यापकानें शिकवावें, मिस्त्रीनें पाना फिरवावा. श्रमविभाग ही तर सुधारणेची खूण. हें म्हणणें वरवर रास्त दिसतें. त्याच्या मागें आपल्याकडे एक जुनी पुण्याई उभी आहे, तिला मात्र आम्ही पुण्याई म्हणण्यास तयार नाहीं. हात काळे करणारा खालचा आणि हात पांढरे ठेवणारा वरचा, ही ती समजूत. बलुतेदारींत सुतार आणि लोहार कुणब्याचा नांगर नीट करून देत, खळ्यावर धान्य घेत. त्या व्यवस्थेंत अन्याय भरपूर होता, आणि तिच्याविषयीं हळवें होण्याचें कारण नाहीं. तरी एवढें खरें कीं, कुणब्याला नांगर कळत होता आणि सुताराला तो कोणाच्या शेतांत चालणार तें ठाऊक होतें. आजचा सुशिक्षित मालक त्या कुणब्याहूनही परका आहे. गल्लींतील मिस्त्रीनें तोंडीं दोन हजार सांगितले तर तो लुटतो असें त्यास वाटतें. थंडगार दिवाणखान्यांत छापील कागदावर दोन लाख आले तर तो मुकाट्यानें देतो. अज्ञानाचा हा सर्वांत कडू परिणाम आहे, असें आमचें मत आहे: माणूस विश्वास कोठें ठेवावा हें कामावरून न ठरवितां कपड्यांवरून ठरवूं लागतो.

आमचे स्नेही स्वतः गंजलेला एक बोल्ट काढण्यांत सबंध रविवार घालवून बसले. दुसऱ्या रविवारीं त्यांनीं मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें तापवून, तेल सोडून, ठोके देऊन तो वीस मिनिटांत काढला. आणि त्यानें मागितलेल्या पैशांवर स्नेह्यांनीं अधिक ठेवले. त्यांना त्या वीस मिनिटांच्या मागची वीस वर्षें दिसलीं. अर्थात् तेल बदलण्याचें, फिल्टर घालण्याचें काम ते घरीं करितात, त्यानें गॅरेजमधील पोऱ्याची थोडी मजुरी बुडते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्याला आमच्याजवळ निरुत्तर करणारें उत्तर नाहीं; पण कळणाऱ्या गिऱ्हाइकाकडून मिळणारी मजुरी आणि न कळणाऱ्याकडून उकळलेली मजुरी यांत फरक आहे, आणि चांगल्या कारागिराला तो जाणवतो.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. दुरुस्ती करूं न देण्यांतही कोणाचें हित असतें. सुटे भाग आणि निदानाचीं यंत्रें खुल्या बाजारांत मिळूं न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानें २०१४ च्या ऑगस्टांत १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पुढें तें प्रकरण अपिलांत गेलें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्यानें २०१२ सालींच मोटारमालकाच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि आपल्या केंद्र सरकारनें २०२२ सालीं या हक्काच्या विचारासाठीं समिती नेमली. कंपनीच देश सोडून गेली तर काय, हाही प्रश्न काल्पनिक नाहीं. जनरल मोटर्सनें २०१७ च्या अखेरीस भारतांतील विक्री थांबविली; फोर्डनें २०२१ च्या सप्टेंबरांत येथील उत्पादन बंद करण्याचें जाहीर केलें, आणि एंडेव्हरसारख्या धिप्पाड गाड्यांचे हजारों धनी मागें राहिले. भाग पुरविण्याचें आश्वासन मिळालें तरी, जिचा कर्ता निघून गेला ती वस्तु सांभाळण्याचें ओझें धन्याकडे थोडें अधिक झुकतेंच.

हक्काचा उत्साह मात्र आवरता घ्यावा लागतो. मोटार घरांत नसते, रस्त्यावर असते. आपल्या दिवाणखान्यांतील घड्याळ आपण उलगडून बिघडविलें तर आपलीच वेळ चुकते. ब्रेक बिघडविले तर शाळेंतून येणारें दुसऱ्याचें मूल जातें. तेव्हां ब्रेक आणि सुकाणूचे सांधे यांस शिकाऊ हात लावणें, आणि लावल्यास जाणत्याकडून तपासून न घेणें, याला आम्ही स्वावलंबन न म्हणतां निष्काळजीपणा म्हणूं. स्वतःच्या जिवाविषयींही तेंच: नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं शिरूं नये, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दोन टनांच्या वस्तूला आपल्या हेतूची शुद्धता कळत नाहीं.

हवेच्या पिशव्या पुनः घ्यावयाच्या तर खर्च गाडीच्या उरलेल्या किंमतीच्या जवळ जातो. म्हणून असे पुष्कळ धनी पिशव्या काढून पोलादी स्प्रिंगा बसवितात. आमच्या स्नेह्यांच्या मनांतही तें आलें, आणि त्यांनीं आम्हांस विचारलें, “मग ही तीच गाडी राहील का?” मिनँडर राजाला, म्हणजेच मिलिंदाला, भिक्षु नागसेनानें हाच प्रश्न रथावरून विचारला होता: आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ? जूं म्हणजे रथ? राजानें प्रत्येकास नाहीं म्हटलें, आणि अखेर कबूल केलें कीं, या साऱ्यांच्या आश्रयानें चालणारें तें केवळ एक नांव आहे. ग्रीकांनींही थीसियसच्या जहाजाच्या फळ्या बदलतां बदलतां तोच वाद घातला. आपल्या परिवहन कार्यालयाला असली अडचण नाहीं. नागसेनास रथांत जें सांपडलें नाहीं तें त्यास सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकांत सांपडतें. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफारांस आडकाठी करितें, तेव्हां स्प्रिंगांचा प्रश्न निव्वळ तत्त्वज्ञानाचा उरत नाहीं.

स्नेह्यांनीं तूर्त स्प्रिंगांचा विचार बाजूस ठेवला आहे. गाडीला पंधरा वर्षें पुरीं होण्यास आतां थोडेच महिने उरले आहेत. मग तपासणी करून घेऊन नोंदणी पांच वर्षांसाठीं वाढवावी लागेल. त्या दिवसासाठीं त्यांनीं एक वही केली आहे. तींत कोणता भाग कधीं बदलला, कोणीं बदलला, आणि त्यास काय दिलें, याची टिपणें आहेत. गंजलेल्या बोल्टाच्या पुढें त्यांनीं मिस्त्रीचें पूर्ण नांव लिहिलें आहे; तोंवर तें त्यांना ठाऊक नव्हतें.