जुनें इंजिन कोणाचें?

वस्तूचा खरा धनी कोण, हा प्रश्न कचेरींत कागदावरून सुटतो. घरांत तो तितक्या सहजतेनें सुटत नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील एका शेतकरी कुटुंबांत तो अलीकडे उपस्थित झाला, आणि त्याची हकीकत कानीं आल्यापासून आमच्या मनांत घोळत आहे. कुटुंबाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. वाद शेताबद्दल नव्हता, विहिरीबद्दलहि नव्हता. विहिरीवरच्या एका जुन्या ऑईल इंजिनाबद्दल होता.

विलायतेंत असले वाद बागेंतल्या यंत्रांवरून होत असतील. गवत कापण्याचीं जुनीं पेट्रोल-यंत्रें मिळवावयाचीं, त्यांचा गंज काढावयाचा, हरवलेले भाग घडवून घ्यावयाचे व तीं पुन्हा चालतीं करावयाचीं, यांत तिकडील कित्येक गृहस्थ आपले रविवार खर्च करतात. साउथपोर्ट गांवीं गवत कापणाऱ्या यंत्रांचें एक स्वतंत्र संग्रहालयहि आहे. आमच्या वऱ्हाडांत सारखी कापलेली हिरवळ फार तर एखाद्या सरकारी बंगल्यापुढें दिसेल. उन्हाळ्यांत जेथें विहिरीचा तळ दिसूं लागतो, तेथें शोभेचें गवत कोण पोसणार? तेव्हां या छंदाला आमच्याकडे विषय मिळतो तो विहिरीवरचा. हीं दोन यंत्रें दिसतात तितकीं परकीं मात्र नाहींत. गवत कापण्याचें यंत्र १८३० सालीं एडविन बडिंग नांवाच्या इंग्रज कारागिरानें काढलें, तें कापडाची लव कातरणारें गिरणींतलें यंत्र पाहून. ग्लॉस्टरशर परगण्यांतील ज्या डर्स्ली गांवीं त्याची समाधि आहे, त्याच गांवीं पुढें लिस्टर कंपनीचा कारखाना निघाला. आणि राजकोटच्या कारखानदारांनीं ज्या मंद चालीच्या, जड चाकांच्या इंजिनांच्या नकला वर्षानुवर्षें काढल्या, त्यांचें मूळ तेथलें. आमच्या हकीकतींतील इंजिन याच वंशाचें.

वडिलांनीं तें घेतलें, त्याच्या पाण्यावर गहू-हरभरा काढला, संत्र्याची बाग जगविली. पुढें वीज आली, विहिरीवर मोटर बसली, आणि इंजिन झोपडींतल्या कोपऱ्यांत जाऊन पडलें. वडिलांच्या मागें वांटणी झाली तेव्हां विहीर सामाईक ठेवून पाण्याच्या पाळ्या ठरल्या. इंजिनाचा मात्र वांटणीपत्रांत उल्लेखहि नाहीं. भंगाराचा उल्लेख कोण करतो?

तिघां भावांपैकीं मधल्यानें तें उचललें. दोन पावसाळे त्यानें त्यापाशीं घालविले. सिलिंडरांत पिस्टन गंजून असा धरला होता कीं, रॉकेल ओतून पंधरवडाभर भिजत ठेवावा लागला व मग लांकडी ठोकळा आड धरून हळूहळू ठोकून मोकळा करावा लागला. रिंगा मोडल्या होत्या, नोझल चोंदलें होतें. लायनर अकोल्याहून आणविला. बुश लेथवाल्याकडून तासून घेतला. गेल्या पोळ्याच्या सुमारास एके सकाळीं त्यानें झडप उचलून धरणारी कळ ओढली, हँडल मारून दोन्ही चाकांना वेग दिला, कळ सोडली, आणि वीस वर्षें मुकें असलेलें तें धूड मिनिटाला सहाशें फेऱ्यांच्या आपल्या जुन्या चालीनें बोलूं लागलें. आवाज ऐकून सारें गांव धांवून आलें. त्यांतच शहरांतल्या एका हॉटेलवाल्याचा माणूस होता. दारांत शोभेसाठीं ठेवावयास त्यानें इतकी किंमत देऊं केली कीं, थोरल्या व धाकट्या भावांना वडिलांची एकदम आठवण झाली.

येथें वाचक सहजच मधल्याची बाजू घेतील. आम्हीहि प्रथम घेतली. पण विचार करूं लागलें कीं पाय अडखळतो. श्रमानें हक्क उत्पन्न होतो म्हणावें, तर वर्षानुवर्षें दुसऱ्याच्या शेतांत राबणाऱ्या सालदाराचा हक्क आपण कधीं मानला? नवे भाग घातले म्हणून वस्तु नवी झाली म्हणावें, तर नागसेनानें मिलिंद राजाला रथाबद्दल जें विचारलें तें पुढें उभें राहतें: चाक रथ नव्हे, आंस रथ नव्हे, मग रथ कोणता? रिंगा नव्या, लायनर नवा. पण हॉटेलवाला जें मागतो तें जुनेपण, आणि तें मधल्यानें घडविलेलें नाहीं.

धर्मशास्त्रांत याचा विचार झालेला नाहीं असें नाहीं. मनूनें नवव्या अध्यायांत वस्त्र, वाहन, अलंकार, शिजलेलें अन्न, पाणी यांसारख्या गोष्टी वांटूं नयेत असें सांगितलें आहे. घरोघर चालणारें यंत्र त्याच्या काळीं असतें तर कदाचित् त्या यादींत बसलें असतें. परंतु याहून जवळचें वचन याज्ञवल्क्याचें आहे. वडिलोपार्जित द्रव्य दुसऱ्यानें हिरावून नेलें असतां जो दायाद तें परत मिळवील, त्यानें तें इतरांस देण्याचें कारण नाहीं. या परत मिळविण्याला शब्द योजला आहे तो उद्धाराचा. आपण जीर्णोद्धार म्हणतों तोच धातु. गंज हा चोर मानला तर मधल्या भावाचा दावा बळकट होतो. पण विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत एक अट घातली आहे: हा उद्धार इतरांच्या संमतीनें झालेला असावा. आणि वस्तु जमीन असेल तर उद्धार करणाराला चौथा हिस्सा अधिक देऊन बाकीची सारखी वांटावी.

संमतीपाशीं सारें अडतें. मधल्यानें कोणास विचारलें नव्हतें. आणि कोणी त्याला हटकलेंहि नव्हतें. उलट, ‘लोखंडाशीं डोकें फोडतो’ म्हणून हंसले. हें हंसणें आम्ही संमति समजतों, परंतु दुरुस्तीपुरती. इंजिन चालवावें, त्याचा पट्टा पंपावर चढवावा, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहावें, याला भावांची मूक मान्यता होती. विकावें याला नव्हती, कारण तें विकलें जाईल हें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. जो सांभाळतो त्याला वस्तु ठेवण्याचा हक्क येतो. तिला बाजारांत नेतांच तो सांभाळणारा राहत नाहीं, वारसांपैकीं एक होतो.

मालकी आणि सांभाळ यांची फारकत पाहावयास दूर जावयास नको. मूर्तिजापूरहून कारंजावरून यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ देशांतील इतर रेल्वे सरकारच्या झाल्या तरी खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. मँचेस्टरमध्यें १९२१ सालीं बांधलेलें तिचें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललें. त्याचें तेलपाणी ज्या फिटरांनीं केलें, त्यांचा कागदावर एका खिळ्यावरहि हक्क नव्हता. आणि आतां ती गाडी बंद आहे, तिची हळहळ वाटते ती याच मुलखांतल्या माणसांना. याचा अर्थ फिटरांनीं इंजिन विकावयास हवें होतें असा कोणी करणार नाहीं.

वादांत बहिणीला कोणी विचारलें नव्हतें. २००५ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानें मुलीचा वांटा मुलाइतकाच आहे, हें भावांना ठाऊक नव्हतें असें नाहीं, सोयीचें नव्हतें. ती दिवाळीला माहेरीं आली तेव्हां तिनें पैसे मागितले नाहींत. लहानपणीं वडील भाकरी खात तेंवढा वेळ इंजिनाच्या टाकींत पाणी ओतण्याचें काम तिचें असे. कारखान्याचें नांव व क्रमांक कोरलेली पितळी पाटी त्या वेळीं ती चिंचेनें घांसून लखलखीत ठेवी. तेवढी पाटी मला द्या, इंजिनाचें काय तें तुम्ही पाहा, असें ती म्हणाली.

थोरला व धाकटा तत्काळ कबूल झाले. मधला अजून कबूल झालेला नाहीं. विक्रीचा विचार त्यानें सोडून दिला आहे. हॉटेलवाल्याला त्यानें परत पाठविलें. पण पाटी काढली तर इंजिन बोडकें दिसेल, असें तो म्हणतो.