वेगाच्या कडेला

पूर्णा जंक्शनच्या फलाटाच्या टोकाशी पहाटे उभे राहिले, म्हणजे खडीवरून निघालेले दोन चकाकते रूळ दूर क्षितिजाशी एक होताना दिसतात, आणि त्यांच्या दोन्ही अंगांस पसरलेली परभणी जिल्ह्याची काळीभोर जमीन मात्र जागची हलत नाही. आगगाडीचे चित्र कसे पाहावे, याचा पहिला धडा मला या दृश्याने दिला. निजामाच्या अंमलात, १९०० च्या सुमारास, मनमाडहून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग या मुलखातून गेला, तेव्हा औताच्या तासांशेजारी प्रथमच एक अशी रेषा उमटली, जी कोणत्याही बांधापाशी थांबत नव्हती.

बालपणी मला वाटे, की इंजिनाची चाके, दांडे आणि खिळे बरहुकूम उतरविले, म्हणजे चित्रकाराचे कर्तव्य संपले. टर्नरच्या १८४४ मधील ‘पाऊस, वाफ आणि वेग’ या चित्राची छापील प्रत हाती आली, आणि ही समजूत ढासळली. तेथे पिवळसर करड्या रंगात सारे आकार विरघळले आहेत. काळे धुराडे तेवढे स्पष्ट आहे, आणि पुलाची तिरकी रेषा दृष्टीला धुक्यातून ओढून थेट आपल्या पायांशी आणून सोडते. पण त्या वेगाला माप देतात, ते गाडीपुढे धावणारा, आता पुसट झालेला ससा, खालच्या नदीतील लहानशी नाव आणि उजव्या अंगास शेत नांगरणारा मनुष्य.

पुढे १८७७ मध्ये मोने याने पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकात, लोखंड आणि काच यांच्या छपराची कणखर रेषा कायम ठेवून, तिच्याखाली निळसर वाफेचे ढग रंगविले. यंत्राच्या उच्छ्वासालाही रंग असतो, हे त्याने दाखविले. १९०९ च्या जाहीरनाम्यानंतर इटलीतील भविष्यवाद्यांनी वेगालाच दैवत मानले. त्यांच्यापैकी बाल्ला याने चाकांची आवर्तने पुनःपुन्हा रेखून रेषेलाच गती दिली, परंतु त्या झंझावातात रस्त्याच्या कडेचा मनुष्य हरपला. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केलेल्या सुधीर पटवर्धनांनी मुंबईच्या परिसरातील श्रमिकांचे भरीव, वजनदार देह रंगवून तो मनुष्य माझ्या दृष्टीस परत आणून दिला.

म्हणून आता असे चित्र पाहताना रेषा कोठे निघाली, हे मी आधी पाहतो, रंगाने हवेचे काय केले, हे त्यानंतर, आणि या साऱ्याचा भार कोणता आकार वाहतो, हे सर्वांत शेवटी व सर्वांत अधिक वेळ. पूर्णेच्या फलाटावर गाठोड्याला टेकून बसलेली बाई, अंगावरून गाडी धडधडत गेली तरी, पदर सावरण्यापलीकडे हलत नाही. गाडी किती वेगाने गेली, हे मला त्या फडफडलेल्या पदरावरून कळते.