हातांचे गाणे कोणासाठी?

चर्चच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी युवकांच्या कार्यक्रमात यंदा एक नवीन गोष्ट पाहावयास मिळाली. १२ मुलामुलींनी काळे कपडे आणि पांढरे हातमोजे घालून एक गाजलेले हिंदी चित्रपटगीत सांकेतिक भाषेत व नृत्यातून सादर केले. कर्ण्यावर गाणे आणि मंचावर लहरणारे ते पांढरे हात! लोकांनी ‘वन्स मोअर’ दिला. आम्हीही मंचावर जाऊन मुलांचे कौतुक केले आणि ‘ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापर्यंतही आज हे गाणे पोहोचले,’ असे एक वाक्य बोलून गेलो.

ते वाक्य आमच्या अंगाशी आले. आपल्या धर्मग्रामात एक कर्णबधिर सुतार आहेत. रविवारी सकाळच्या पहिल्या मिस्साला ते डावीकडच्या खांबाजवळ उभे असतात. तिथून पुढच्या रांगा नीट दिसतात. लोक उठले की उठायचे, गुडघे टेकले की टेकायचे. त्या संध्याकाळी ते चौथ्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर आम्ही पत्रिकेच्या मागे लिहिले, ‘कसे वाटले?’ त्यांनी खाली लिहिले, ‘हात छान. कळले काही नाही.’

का कळले नाही, याचा शोध घेताना आम्हीच विद्यार्थी झालो. मुलांनी निम्म्या खुणा इंटरनेटवरच्या अमेरिकन चित्रफिती पाहून उचलल्या होत्या. अमेरिकन सांकेतिक भाषा वेगळी आणि आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी, हे त्यांच्या गावीही नव्हते. तिकडची मुळाक्षरे एका हाताने होतात, आपल्याकडची इंग्रजी मुळाक्षरे दोन्ही हातांनी. अंगठा, तर्जनी आणि करंगळी वर करून ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ म्हणतात ती खूणही तीन अमेरिकन अक्षरांची मिळून झालेली आहे. उरलेल्या खुणा मुलांनी स्वतःच बनवल्या: दिल म्हटले की छातीवर हात, आँसू म्हटले की गालावर बोट. गाण्यातल्या शब्दामागून शब्द आणि त्यामागून खूण. पण कर्णबधिरांची भाषा अशी चालत नाही. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, नकारही शेवटी येतो आणि भुवया, ओठ, चेहरा यांत व्याकरणाचा मोठा भाग असतो. आमच्या मुलांच्या चेहऱ्यावर मात्र दुःखाच्या कडव्यालाही तेच हसू होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुले हातवारे करून गाणी म्हणतात, त्यात वावगे काहीच नाही. पण त्याला भाषा म्हणण्याचे धाडस कोणी करीत नाही.

मग हातांनी गाणे गाताच येत नाही काय? येते, आणि फार सुंदर येते. २०२३ साली अमेरिकेत सुपर बोल या फुटबॉलच्या अंतिम सामन्यात गायिका रिहाना हिच्या कार्यक्रमात जस्टिना माइल्स या कर्णबधिर तरुणीने तिची गाणी सांकेतिक भाषेत सादर केली, तेव्हा ती सर्वांगाने गात होती. गाण्याचा अर्थ आधी पोटात घ्यायचा, मग तो आपल्या भाषेत पुन्हा जन्माला घालायचा, असे ते काम आहे. याच सामन्याची २०२० सालची गोष्ट उलट आहे. क्रिस्टीन सन किम या कर्णबधिर कलावतीने राष्ट्रगीत खुणांनी सादर केले, पण दूरचित्रवाणीने तिला काही क्षणच दाखवले आणि कॅमेरा खेळाडूंकडे वळवला. तिने आपली निराशा पुढे वर्तमानपत्रात लिहिली. तिथे भाषा खरी होती, पण ती ज्यांची त्यांना दिसली नाही.

आमच्या मुलांचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. पण सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आम्ही घोकले होते की, केवळ हेतू चांगला असल्याने कृती चांगली ठरत नाही. ती कृती मुळात काय आहे आणि कोणत्या परिस्थितीत घडते, हेही पाहावे लागते. इथे कृती बोलण्याची होती. बोलणे नेहमी कोणाशी तरी असते. ज्याच्या नावाने आपण बोललो त्याच्याशी न बोलता, त्याची भाषा इतरांच्या डोळ्यांना सुख म्हणून वापरली, तर तो माणूस शोभेचा होतो.

युवकांच्या सभेत आम्ही हे मांडले तेव्हा एकाने चांगलाच पेच टाकला. ‘फादर, माझी आजी लॅटिन गाणी म्हणायची. तिला एक शब्द कळत नव्हता. मग तीही चूकच का?’ आम्ही म्हणालो, आजी देवासाठी गात होती आणि देवाला लॅटिन येते. सभा हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली आणि पुढे आपली मिस्सा मराठीत आली. आपल्या भाषेत देवाशी बोलता येणे म्हणजे काय, हे आपणास कोणी शिकवायला नको. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ साली. मधली ३७ वर्षे ते इथल्या माणसांत राहिले, त्यांची भाषा त्यांच्याकडूनच शिकले.

एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये कर्णबधिरांच्या खुणा शिकून त्यांच्यासाठी शाळा काढणारे दलेपे हे धर्मगुरू होते. आणि १८८० साली मिलान येथे ज्या परिषदेने कर्णबधिर मुलांना खुणांनी नव्हे, तोंडी बोलण्यानेच शिकवावे असा ठराव केला, तिचे अध्यक्षही धर्मगुरूच होते. त्या ठरावाची सावली दूरवर पडली. आपल्या सुतारदादांना लहानपणी वर्गात हात हलवला म्हणून पट्टी मिळत असे, असे त्यांच्या बहिणीने आम्हास सांगितले. त्याच हातांच्या नकलेला त्या रात्री आपण सर्वांनी टाळ्या दिल्या.

कर्णबधिर मनुष्याला बरे केल्याचे शुभवर्तमान (मार्क ७:३१-३७) आपण किती वेळा वाचले आहे! पण प्रभू येशूने प्रथम काय केले, याकडे आमचे लक्षच गेले नव्हते. लोकांनी त्या माणसाला आणले होते ते सर्वांदेखत काही घडावे म्हणून. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला घेऊन गेला. त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, आकाशाकडे पाहिले, सुस्कारा टाकला. शब्द त्यानंतर आला. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभू आधी त्याला समजेल असे बोलला, आणि तेही जेथे टाळ्या वाजवायला कोणी नाही तेथे.

मुलांनी सुतारदादांना सभेला बोलावले. ते बहिणीसह आले. ‘हेच गाणे नीट कसे बसवायचे?’ असे मुलांनी फळ्यावर लिहिले. त्यांनी खडू घेतला आणि लिहिले, ‘गाणे नंतर. फादर रविवारी वीस मिनिटे काय बोलतात?’

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ते मुलांना शिकवतात. बारापैकी पाच जण टिकले आहेत. त्यांना चाळीसेक खुणा येतात. मिस्सात कोणी खांबाजवळ उभे राहून अर्थ सांगू शकेल, त्याला अजून फार वेळ आहे. म्हणून आम्ही प्रवचन लिहून शनिवारी त्यांच्या घरी पाठवतो. शनिवारपर्यंत प्रवचन तयार ठेवणे ही आमची नवी तपश्चर्या आहे. मागच्या खेपेला तो कागद परत आला. ‘प्रभू प्रत्येकाची हाक ऐकतो’ या आमच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती आणि बाजूला लिहिले होते, ‘माझी पाहतो का?’ येत्या शनिवारपर्यंत आम्हास त्याचे उत्तर लिहावयाचे आहे.