नाव नसलेले दुखणे



गेल्या दीड वर्षापासून मिस्सा अर्पण करताना आम्ही गुडघा टेकत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात आले आहे. पवित्र भाकर उंचावल्यानंतर, प्याला उंचावल्यानंतर आणि ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी असे तीनदा याजकाने गुडघा टेकायचा असतो. त्याऐवजी आम्ही कमरेतून वाकून वंदन करतो. कुणी म्हणाले, फादरांचे वजन वाढले. कुणी म्हणाले, ही नवी पद्धत रोमहून आली असावी. एका वेदीसेवक मुलाने मात्र मिस्सा संपल्यावर सरळ विचारले, "फादर, तुम्ही विसरता का?" त्या मुलाला दिलेले उत्तर आज सर्वांना देतो. आमच्या पायांचे स्नायू दुखतात. कशामुळे दुखतात ते अजून कळलेले नाही.

बांद्र्याच्या मोतमाउलीच्या सणाला जे वसईहून चालत गेले आहेत त्यांना दुसऱ्या दिवसाचे पाय ठाऊक असतील. पोटऱ्या भरून आलेल्या, मांड्या जड, जिना चढताना कठड्याला हात. आमचे पाय रोज सकाळी तसे असतात, फक्त आदल्या दिवशी आम्ही कुठेही चालत गेलेलो नसतो. काही दिवस दुखणे कमी असते, तेव्हा वाटते गेले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा दारात उभे.

डॉक्टरांची वाट आम्ही चाललो. प्रथम आपल्या इथले फिजिशियन, मग हाडांचे डॉक्टर, मग लोकलने मुंबईला नसांचे डॉक्टर, शेवटी संधिवाताचे. साखर, थायरॉईड, पोटॅशियम, ड जीवनसत्त्व, बी-१२ तपासले. स्नायूंना इजा झाली असेल तर रक्तात वाढणारे सीपीके दोनदा पाहिले. पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर, कमरेचा एमआरआय, स्नायूंत बारीक सुया टोचून करतात ती ईएमजी. ड जीवनसत्त्व थोडे कमी निघाले, ते घेतले, पातळी भरून आली, पाय तसेच. आता आमच्याकडे निळ्या रंगाची एक जाड फाईल आहे आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक कागदावर एकच शब्द आहे: नॉर्मल.

इथे एक कबुली द्यायला हवी. एमआरआयचा रिपोर्ट हातात आला तेव्हा आम्ही तो रुग्णालयाच्या बाकावर बसून वाचला आणि आम्हाला वाईट वाटले. शेजारी एक तरुण आपल्या वडिलांचा रिपोर्ट धरून रडत होता. त्यांच्या रिपोर्टात काहीतरी सापडले होते. आमच्यात काही सापडले नाही म्हणून आम्ही खिन्न. त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. पण असे दुखणे ज्यांनी सोसले आहे त्यांना ही भावना समजेल. माणसाला आजार नको असतो, पण असलेल्या आजाराला नाव हवे असते. नाव मिळाले की घरच्यांना सांगता येते, रजेच्या अर्जात लिहिता येते. नाव नसले की चौथ्या महिन्यापासून लोक पायांकडे न पाहता तोंडाकडे पाहू लागतात. हा खरे बोलतो का?

खरे तर "नॉर्मल" या शब्दाचा अर्थ फार लहान आहे. या तपासणीत जे शोधायचे होते ते सापडले नाही, एवढाच. एमआरआय हाडांचा आणि मणक्यांतील गादीचा आकार दाखवतो, वेदना दाखवत नाही. रक्तदाब मोजायला यंत्र आहे, वेदना मोजायला नाही. डॉक्टर शेवटी विचारतातच, शून्य ते दहापैकी किती? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची आपली व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत हेही नमूद केले की, मला वेदना होते असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, जी २०२२ पासून लागू झाली, दीर्घकाळची वेदना हाच स्वतंत्र आजार असू शकतो असे मानले आहे. म्हणजे दुसरे कारण सापडले नाही तरी दुखणे खोटे ठरत नाही.

"मनाचे आहे" हे वाक्यही आम्हाला ऐकवले गेले. कोलेस्टेरॉलसाठी आम्ही स्टॅटिन जातीची गोळी घेतो. तिने काहींचे स्नायू दुखतात, म्हणून डॉक्टरांनी ती काही आठवडे थांबवून पाहिली. फरक पडला नाही, गोळी पुन्हा सुरू झाली. (आपल्यापैकी कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. हृदय पायांपेक्षा महाग आहे.) याच गोळीबद्दल लंडनमध्ये झालेला एक प्रयोग आमच्या वाचनात आला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्रास होतो म्हणून ही गोळी सोडलेल्या ६० जणांना वर्षभर काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटूनपालटून दिले. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. यावरून घाईने म्हणता येईल, पाहा, सगळे मनाचे! आम्हाला उलटे दिसते. पोकळ गोळी घेणाऱ्यांचे पाय खरोखर दुखले. त्यांनी नाटक केले नव्हते. मनाच्या वाटेने आलेली वेदनाही शरीरातच लागते, आणि ज्याला लागते त्याची ती असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपली मराठी भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. "का" या एका प्रश्नाचे ती दोन प्रश्न करते: कशामुळे आणि कशासाठी. पाय कशामुळे दुखतात, हा डॉक्टरांचा प्रश्न. हे दुखणे माझ्या वाट्याला कशासाठी आले, हा दुसरा. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच कॅथलिक विचारवंताचा भेद आम्ही पाठ केला होता. एक असते कोडे. ते माझ्यासमोर असते आणि सोडवता येते. दुसरे असते रहस्य, ज्याच्या आत मीच उभा असतो, त्यामुळे बाजूला होऊन ते पाहता येत नाही. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले. त्याचा अर्थ मात्र बाविसेक वर्षांनी, रात्री अडीच वाजता पोटऱ्या चोळत बसल्यावर कळू लागला. आणि हेही कळले की सर्वात मोठी चूक होते ती हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यावर. ती चूक आम्ही स्वतः केली आहे.

चार वर्षांपूर्वी, आम्ही या धर्मग्रामात नवीन असताना, एका रविवारी प्रवचनात म्हटले होते की घंटा वाजल्यावरही काही जण बाकावर बसून राहतात, देवापुढे वाकायची त्यांना लाज वाटते की काय. आजारपणामुळे गुडघे टेकता येत नसतील त्यांना ख्रिस्तसभेच्या नियमांतच सूट आहे, हे आम्हाला माहीत होते. पण बोलताना ते आठवले नाही. मागच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. पुढच्या रविवारपासून त्या मिस्साला बाहेर पडवीत उभ्या राहू लागल्या. पुढे त्यांच्या घरी आशीर्वादासाठी गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "फादर, विहिरीपर्यंत गेले की पोटऱ्या पिळवटतात. थांबले की थांबतं." आम्ही म्हणालो, "मावशी, वय झाले. प्रभूच्या दुःखात आपले दुःख अर्पण करा." अजून अकरा घरे बाकी होती. (हे त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत.)

त्यांनी आमचे ऐकले. त्यांनी दुःख अर्पण केले आणि डॉक्टरांकडे जायचे सोडून दिले. फादरांनीच सांगितल्यावर डॉक्टर कशाला? त्यांनी विचारले होते कशामुळे. आम्ही उत्तर दिले कशासाठीचे, आणि त्या उत्तराने त्यांचा प्रश्न बंद केला.

ईयोबाच्या तीन मित्रांनी हेच केले. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. त्यांच्या हातून घडलेले तेवढेच चांगले काम. मग त्यांनी तोंड उघडले आणि स्पष्टीकरण दिले: तू काहीतरी पाप केले असशील. शेवटी देवाचा राग झाला तो ओरडणाऱ्या ईयोबावर नाही, या धार्मिक मित्रांवर. आणखी एक गोष्ट पाहा. स्वर्गात काय ठरले होते ते पहिल्या दोन अध्यायांत आपल्याला, वाचकांना कळते. ईयोबाला ते पुस्तकाच्या ४२ अध्यायांत कुणीच सांगत नाही, देवसुद्धा नाही. देव त्याच्याशी बोलतो, पण कारण सांगत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. तरी आजही आमचे पाय पाहून एका सज्जनाने विचारलेच, "फादर, कुणाचा तळतळाट तर नाही?" निर्गुंडीचा पाला, मिठाचे गरम पाणी, एरंडेल, वेलांकणीची नोव्हेना हे सारे सल्ले आम्ही प्रेमाने घेतले. पाल्याने थोडे बरेही वाटले. हा एक प्रश्न मात्र परत केला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखभोगावर एक प्रदीर्घ पत्र लिहिले. त्याआधी तीनच वर्षे त्यांना गोळ्या लागल्या होत्या. त्यात त्यांनी दुःखाला ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडण्याविषयी खोलवर लिहिले आहे, आणि त्यातला एक शब्दही आम्ही मागे घ्यायला सांगत नाही. पण त्याच पत्रात दयाळू शोमरोनीही आहे. रस्त्यात पडलेल्या माणसाला तो अर्पण करायला सांगत नाही, जखमा बांधतो आणि धर्मशाळेचे पैसे भरतो. अर्पण ज्याची वेदना आहे त्यानेच करायचे असते. माझे दुखणे मी अर्पण करू शकतो. मावशींचे दुखणे त्यांच्या वतीने अर्पण करून मोकळे होण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला होता?

रक्तस्रावाने पिडलेल्या स्त्रीची हकीकत आम्ही कित्येकदा वाचली होती, पण पूर्वी नुसते बरे होणेच लक्षात राहायचे. बारा वर्षे. संत मार्क लिहितात की पुष्कळ वैद्यांच्या हाती तिचे हाल झाले, सारा पैसा गेला आणि दुखणे उलट वाढले. संत लूक हीच गोष्ट सांगताना वैद्यांविषयी बरेच सौम्य बोलतात. परंपरेप्रमाणे ते स्वतः वैद्य, तेव्हा व्यवसायबंधूंना सांभाळले असावे! पण आता आमचे लक्ष दुसरीकडे जाते. ती स्पर्श करताच बरी झालेली आहे. याईराची मुलगी मरणाच्या दारात आहे, गर्दी ढकलते आहे, शिष्य वैतागले आहेत. तरी येशू थांबतो. का? ती आपली सगळी हकीकत सांगते, आणि तो ऐकतो. बारा वर्षे कशासाठी, हे तोही तिला सांगत नाही. तिला मुली म्हणतो.

मुंबईतील त्या शेवटच्या डॉक्टरांनी आमची निळी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." वीस मिनिटे ऐकले. मग म्हणाले, "कारण मला आज सांगता येत नाही. पण तुम्हाला दुखतंय, यात मला शंका नाही. आपण बघत राहू." व्यायाम लिहून दिला, रोज थोडे थोडे चालणे वाढवायला सांगितले, झोपेच्या वेळा सुधारल्या. कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचे नाही, तेही सांगितले: एकच पाय सुजून गरम झाला, पायांतली ताकद गेली, लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. आपणही हे लक्षात ठेवावे. दुखणे तेवढेच घेऊन आम्ही परत आलो, पण वसई येईपर्यंत बसायला जागा नव्हती हे उतरल्यावर लक्षात आले.

त्याच आठवड्यात आम्ही मावशींकडे गेलो. क्षमा मागितली आणि त्यांच्या सुनेला तपासणीचे सांगितले. डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून ताडून पाहिला, मग डॉपलर केली. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. साखरही निघाली. चालले की दुखते आणि थांबले की थांबते, ही त्या आजाराची ओळखीची खूण. आधी यायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले. हे वाक्य सुनेने आम्हाला सांगितले तेव्हा मावशींनी तिला डोळ्यांनी गप्प केले. आता औषधे सुरू आहेत आणि दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असा व्यायाम आहे. त्यांच्या दुखण्याला नाव मिळाले. आमचे अजून बिननावाचे आहे, पुढची तारीख पावसाळ्यानंतरची.

गुडघे न टेकता येणाऱ्यांसाठी पुढचा बाक राखून ठेवावा, असा आमचा विचार होता. मावशींना विचारले तर म्हणाल्या, "पुढे नको, फादर. मागं पाय पसरता येतात." तेव्हा बाक राखलेला नाही. ज्याला जिथे बसायचे असेल तिथे त्याने बसावे.

आपले धर्मगुरू